सील लावलेल्या दुकानातली नानकटाई

पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या. आमचं घर बौद्ध. लिंबू-मिरची, अंगारा, उतारा... यातलं काही मी माहेरी सिल्लोडला पाहिलं नाही, सासरीही नाही. कुणी असलं काही सांगायला लागलं की मी सरळ उठून चहा ठेवायला जायची. आता हे वाचता वाचता तुमच्यातलं कुणी उठून गेलं तर माझी तक्रार नाही.

छत्रपती संभाजीनगरात, मुकुंदवाडी स्टेशनकडे जाणाऱ्या एका गल्लीत माझी बेकरी होती. माझी म्हणजे कागदावर. कल्पना मिस्टरांची, पण बाईच्या नावावर कर्ज लवकर मिळतं म्हणून सगळ्या सह्या माझ्या. पाव, टोस्ट, खारी, नानकटाई. मोठा ओव्हन हप्त्यावर घेतला. चालली बरी काही वर्षं. मग मैदा महागला, जवळच मोठी बेकरी आली, गिऱ्हाईक तिकडं वळलं. एक कर्ज फेडायला दुसरं काढलं, दुसऱ्यासाठी तिसरं... ओव्हन फायनान्सवाले उचलून घेऊन गेले. फरशीवर त्याचा काळा चौकोन तेवढा राहिला.

शेवटी वकील मॅडम म्हणाल्या, "सुनंदाताई, नादारीचा अर्ज करा." म्हणजे आपणच कोर्टात जाऊन सांगायचं की माझ्याच्यानं फिटत नाही, मला दिवाळखोर जाहीर करा. कोर्टानं एक रिसिव्हर नेमले, म्हणजे माझी मालमत्ता ताब्यात घेणारे साहेब. त्यांनी दुकानाला कुलूप घालून सील लावलं. मिस्टर त्या दिवशी आलेच नाहीत. पुढं एका लग्नात ते पाहुण्यांना सांगत होते, "मला काय विचारता? धंदा तिचा होता." मी मागंच उभी होते.

मी चिकलठाण्याला एका कंपनीत पॅकिंगला जायला लागले. त्या गल्लीत पाय ठेवायचं बंद केलं. आणि एक दिवस भाजी घेताना शबाना भाभी भेटल्या. दुकानाला लागूनच त्यांचं शिलाईचं दुकान.

"क्या भाभी, फिर से शुरू कर दिये? मेरे को बताए भी नै!"

"काय सुरू केलं?"

"बेकरी! चार बजे के टाइम क्या खुशबू आती, अल्ला... हाथ का काम छूट जाता."

मला वाटलं टोमणा मारताहेत. रागच आला. पण दोन-चार दिवसांनी इस्त्रीवाले काकासुद्धा तेच म्हणाले. मग मिस्टर त्या बाजूला काही कामानं जाऊन आले. जेवताना म्हणाले, "नानकटाई किती भारी व्हायची गं तुझी." दुकान चालू असताना हे एकदाही त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. मी ताट उचललं आणि आत गेले.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण आमचे मैदा आणि डालडा देणारे मोंढ्यातले व्यापारी, बन्सीशेठ, त्यांच्याही कानावर गेलं. त्यांचे पैसे बुडत होते, माणूस चिडणारच. त्यांनी कोर्टात हरकत घेतली की ही बाई मागच्या दारानं धंदा चालवते आणि इकडं नादारी मागते.

मॅडमचा फोन आला. आवाज कडक. "ताई, खरं सांगा. काही लपवलंय असं कोर्टाला वाटलं तर अर्ज गेलाच, वर गुन्हा दाखल व्हायचा."

"मॅडम, त्या दुकानाला मागचं दारच नाय."

तपासणी ठरली. दुपारी चारची वेळ. रिसिव्हर साहेब, मॅडम, बन्सीशेठ आणि मी. गल्लीतली माणसं जमलीच. वळणावरच साहेबांनी मान वर करून श्वास घेतला. बन्सीशेठ माझ्याकडं बघून म्हणाले, "आता बोला!"

सील जसंच्या तसं होतं. साहेबांनी ते हात लावून तपासलं, मग तोडलं. शटर वर गेलं... आत काही नाही. वीज तोडलेली. रिकामी फळी, कोळ्याची जाळी. फरशीवर धुळीचा थर, त्यावर पाऊल उमटलेलं नाही. मॅडमनी पदर नाकाशी धरला, तो वास टाळायला नाही. त्यांचे डोळे भरले होते.

"तूप आहे हे," बन्सीशेठ पुटपुटले. मग एकदम ओरडले, "ताई, हे साजूक तूप आहे! मी तुम्हाला कधी तूप दिलं नाय. कुणाकडनं आणता?"

त्या दुकानात तुपातली नानकटाई कधी झालीच नाही, परवडतच नव्हती. तुपातली मी करायची सिल्लोडला, लग्नाआधी. आईच्या चुलीवर, पातेल्यात वाळू घालून. ते या शहरात कुणाला माहीत नव्हतं.

साहेबांनी ओव्हनच्या जागेमागच्या भिंतीवर तळवा ठेवला आणि चटकन काढून घेतला. "गरम आहे."

मी तिथंच हात टेकवला. भिंत थंडगार होती. आणि आता खरं सांगते... मला वाससुद्धा येत नव्हता. ओल आणि जुना चुना, बस्स. सगळी गल्ली नाक वर करून उभी, आणि मी येड्यासारखी एकेकाचं तोंड बघतेय.

"तुम्हाला नाही येत?" मॅडमनी हळूच विचारलं.

"नाय."

त्यांचा विश्वास बसला की नाही, कोण जाणे.

साहेबांनी दुकान रिकामं असल्याचा रिपोर्ट दिला. वासाचं त्यात लिहिलं नाही, लिहून करतात काय? बन्सीशेठनी हरकत सोडली. मला दिवाळखोर जाहीर केलं. फोन थांबले, दारावर येणारे थांबले. पाहुणेही थांबले.

मग एका रविवारी मी हट्टानं साजूक तूप आणलं, पातेल्यात वाळू घातली आणि नानकटाई केली. शबाना भाभींना घरी बोलावलं. त्यांनी एक उचलली, वास घेतला, खाल्ली.

"अच्छी है भाभी... पर वो नै है."

दुकानात आता मोबाईलची कव्हरं विकतात. भाभी सांगतात, अजूनही वास कधीकधी येतो, इथं बेकरी नाही हे नवा मालक गिऱ्हाइकांना सांगून सांगून वैतागलाय. कशाचा वास, कुठून येतो, मलाच का नाही... मला कळलेलं नाही. नाकाच्या डॉक्टरांना दाखवलं, काही दोष नाही म्हणाले. ते मलाही माहीत आहे. चारला कंपनीत चहाची सुट्टी होते. चहात आलं घातलंय की नाही, हे मला कप हातात यायच्या आधीच कळतं.