अंगाला न सोसणारं

डॉक्टरीणबाईंनी नातीच्या हातावर वेगवेगळ्या पदार्थांचे थेंब टाकले, प्रत्येक थेंबात सुई हलकी टोचली आणि बसवून ठेवलं. बाकीच्या जागा तशाच राहिल्या. शेंगदाण्याच्या जागी मात्र लाल गांध फुगली.

"अहो, ही रांगत होती तेव्हापासून शेंगदाणे खाते," मी म्हणालो.

"होतं असं, आजोबा. इतके दिवस चाललेलं अंगाला एकाएकी वैरी वाटायला लागतं. आता कणभरही नको. इंजेक्शन जवळ ठेवा. धाप लागली, की आधी मांडीत टोचायचं, मग दवाखाना गाठायचा."

हे मला कुणी सांगायला नको होतं. बायको गेल्यापासून माझं तेच झालंय. जन्मभर ज्या घरात राहिलो, ते घरच अंगावर उठतं. त्याच्यावर इंजेक्शन नाही.

आमच्यात कुटाशिवाय भाजी होत नाही. घरी येऊन सगळं कूट टाकलं, डबे घासले. राहिली ती शेंगदाण्याची चटणी, बायकोने जायच्या आधी कुटलेली. रोज बोटभर खाऊन पुरवत होतो. तिच्या हातचं दुसरं काही उरलेलं नाही.

"ती ठेवा हो," नात दारातून म्हणाली. "आजीची आहे. मी नाही हात लावणार."

मी परसात खड्डा खणून बरणी त्यात पालथी केली आणि वर माती लोटली. बोटांना वास राहिला होता. तो मला धुवायचा नव्हता. पण पोर रडत होती, तिला जवळ घ्यायचं होतं. साबण लावून हात खसाखसा धुतले.