खांबामागची खुर्ची

रामधन नाईक गेल्याची बातमी मला पुसदच्या बाजारात कळली. त्याच्या तांड्यावरचा एक माणूस बैल विकायला आला होता. "नाईक गेले, बाबू," एवढंच म्हणाला आणि पुन्हा गिऱ्हाइकाकडे वळला. 

महिनाभरात त्याच्याविषयी बरंच बोललं गेलं. शोकसभेत अण्णासाहेब म्हणाले, "रामधननं मनात कधी काही ठेवलं नाही." हे खोटं आहे, आणि ते खोडण्यासाठीच मी लिहितो आहे.

मी पंचायत समितीत कारकून, सभांचं इतिवृत्त लिहिणारा. पहिल्या निवडणुकीत अण्णासाहेब सभापती झाले. सभागृहात कोणी कुठं बसायचं हे त्यांनीच ठरवलं. पुढच्या ओळींत मोठ्या गावांचे पाटील. रामधन तांड्याचा, म्हणून त्याची खुर्ची शेवटी, दाराजवळच्या जाड खांबामागं. तिथून सभापती दिसत नसत आणि सभापतींना तो दिसत नसे.

त्या उन्हाळ्यात विहिरींचा विषय निघाला. तांड्याला विहीर नव्हती, बाया नाल्यात खोल खणलेल्या झिऱ्यातून पाणी आणत. रामधननं हात वर केला. खांबाच्या कडेनं तो हात मला स्पष्ट दिसला. तो हाकही मारत होता. अण्णासाहेबांनी तिकडं पाहिलं आणि म्हणाले, "आणखी कोणाची मागणी नाही. पुढं चला." मी तसंच लिहिलं. बारा दिवसांनी झिऱ्याची दरड कोसळली आणि रामधनची बायको सोनकी तिच्याखाली गेली.

सोनकीचे दिवस झाल्यावर तो कार्यालयात आला. रडला नाही, ओरडला नाही. माझ्या टेबलापाशी उभा राहून म्हणाला, "बाबू, तुमाले माहा हात दिसला होता ना?"

"दिसला होता."

"मंग बोल्ले काहून नाही?"

मी इतिवृत्ताची वही मिटून कपाटात ठेवली. 

पाच वर्षं तो तांडे हिंडला, वाड्यावस्त्या हिंडला, पायाला भेगा पडेपर्यंत. दुसऱ्या निवडणुकीत तो सभापती झाला आणि अण्णासाहेब साधे सदस्य. त्याच सुमाराला सभागृहासाठी नव्या खुर्च्या आल्या. ओव्हरसियर दोन नकाशे घेऊन आला. एकात ओळी, दुसऱ्यात सगळे गोल बसलेले. मला वाटलं, हा गोलच निवडणार. मी तसं बोलूनही दाखवलं.

त्यानं ओळींच्या नकाशावर बोट ठेवलं. "हेच पायजे. अन् खांबामागं अण्णासायेब."

"नाईक, सगळे सारखे बसले तर..."

"सारखे मंग बसू. आधी त्याले तिथं बसून पाहू दे."

अण्णासाहेब बसले. करतात काय? पहिल्याच सभेत तांड्याची विहीर मंजूर झाली. नंतर रस्त्यांचा विषय आला आणि खांबाच्या कडेनं अण्णासाहेबांचा हात वर झाला, मनगटावर सोन्याचं घड्याळ. रामधननं त्या हाताकडं सावकाश, डोळे भरून पाहिलं. मग म्हणाला, "आणखी कोणाची मागणी नाही. पुढं चला." मी लिहून टाकलं. मला बरं वाटलं, हे लपवत नाही. त्याच्या कारकिर्दीत अण्णासाहेबांच्या गावाला रस्ता झाला नाही.

त्याच्या शेवटच्या दुखण्यात भेटायला गेलो तेव्हा मी विचारलं, "नाईक, आता तरी राग गेला का?"

"कायले जाईन? सोनकी वापस आली का?"

गेल्या आठवड्यात मी पुन्हा तांड्यावर गेलो होतो. यंदा भोवतालच्या विहिरी आटल्या आहेत, रामधननं मंजूर केलेली तांड्याची मात्र भरलेली आहे. अण्णासाहेबांच्या गड्यानं टाक्या लादून बैलगाडी आणली होती. रामधनची मुलगी जमनी रहाटावर हात ठेवून त्याला म्हणाली, "पाणी देतो. पण मालकाले सोता येऊन मांगू दे."

दुपार कलताना अण्णासाहेब आले. त्यांना मागावं लागलं, मोठ्यानं, सगळ्यांदेखत. जमनीनं होकारार्थी मान हलवली आणि आधी तांड्यातल्या बायांचे हंडे भरायला घेतले. अण्णासाहेब उन्हात उभे राहिले, मग थकून जमिनीवरच बसले. शेजारच्या अंगणात खाट रिकामी होती. ती आणा, असं कोणी म्हटलं नाही.

मीही म्हटलं नाही.