तीन पीएलसी आणि एक गुळव्या

गाव केंदूर, वर्कशॉप शिरूरला आणि स्वभाव तापट. मशीन आपोआप चालवणारा पीएलसी विकत घेण्याआधी त्याची झाडाझडती कशी घ्यायची, हे मला कुणी शिकवायला नको, अशी माझी घमेंड होती. विक्रेते माझ्या वाऱ्याला उभे राहत नसत.

राहू गावच्या एका गुऱ्हाळमालकांनी बोलावलं. उसाचा पाक काहिलीतून, म्हणजे त्या मोठ्या कढईतून, नेमका कधी उतरवायचा, ते मशीननं सांगावं, असं त्यांच्या मनात होतं. तोवर ते काम गुऱ्हाळाचे गुळव्या करत. साठीच्या पुढचे, सगळे त्यांना मामा म्हणायचे. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचे, बोटांत गोळी वळून बघायचे आणि ओरडायचे, "उतरवा!" जरा उशीर झाला की गूळ काळा.

मालक म्हणाले, "मामांचं वय झालं. ते हायेत तवर मशीन बसवू. पण मामांशी जुळलं तरच घ्यायचं."

मामांनी मला बाजूला घेतलं. "इंजिनेर, मला घरी बसवायला आलाय व्हय?"

"काहीतरीच काय, मामा! मशीन तुमच्या हाताखाली राहणार." मी अगदी मनापासून बोललो होतो.

तीन कंपन्यांचे पीएलसी चाचणीला मागवले. लाइट गेली तर प्रोग्रॅम राहतो का, धुरात टिकतो का, बिघडला तर माणूस कधी येतो, सगळं खोदून खोदून विचारलं. पहिल्या दिवशी मामांच्या हाकेवर चार काहिली उतरवल्या आणि तेच तापमान तिन्हींत भरलं; पाक तेवढा तापला की भोंगा वाजणार. पण काहिलीखालच्या चुलवाणाच्या धगीनं ते बंद पडायला लागले. म्हणून दुसऱ्या दिवशी मोठा पंखा आणून लावला. असा घरघरायचा, की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागे.

आणि घोळ सुरू झाला. भोंगा आधी वाजायचा, मामांची हाक मागून यायची. कधी उलटं. माझं डोकंच फिरलं. एका विक्रेत्याला फोनवर झापलं, मग दुसऱ्याला. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, तिन्ही भोंगे एकदमच वाजताहेत. हुकताहेत ते मामा. त्याच दुपारी मामांच्या हाकेवर उतरवलेला गूळ काळा निघाला. मी भोंग्याच्या आणि हाकेच्या वेळांचा आलेख छापून मालकांपुढे ठेवला. खोटं कशाला बोलू, कोडं सुटल्याचा मला आनंदच झाला होता.

मालकांनी त्यातला एक पीएलसी घेतला आणि फेटा-नारळ देऊन मामांना घरी बसवलं.

महिन्याभरानं राहिलं नाही म्हणून त्यांच्या घरी गेलो. चहा आला. मामांनी कप दोन्ही तळव्यांत धरला होता, बोटं लावलीच नाहीत. मी बघतोय हे त्यांनी बघितलं.

"साखरेच्या आजारानं बोटं मेलीत, इंजिनेर. लई दिस झालं. ते थेंब, गोळी, समदं दाखवायपुरतं. पाक झाला की बुडबुड्याचा आवाज जड होतो, त्यावर उतरवायचो. तुमचा पंखा चालू झाला आन् मला कायबी ऐकू येईना."

"अहो मामा, मग सांगायचं की! बंद केला असता पंखा!" मी ओरडलोच.

"काय सांगू? बोटं गेल्यात म्हनून?"

मी गाडीची किल्ली उचलली. "आत्ताच्या आत्ता मालकांना सांगतो. तुमचा कान त्या मशीनपुढं हरला नव्हता."

मामांनी माझा हात धरला. त्या बोटांना जोर नव्हता. "नगं. म्हातारा चुकला म्हंत्यात, म्हनू द्या. इतकी वर्सं बोटं दाखवून फसवत हुता म्हनतील, त्ये नगं. शपथ हाय तुम्हाला."

मला रडू आवरेना. शपथ मात्र पाळली.

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. दहाव्याला भीमेच्या घाटावर सगळं गाव जमलं होतं. मालक चारचौघांत म्हणाले, "सोन्यासारखा मानूस. पन शेवटाला हात गेला हुता बगा. आमाला न्हाई कळलं, इंजिनेरनी बरोबर वळखलं."

लोक माझ्याकडे बघायला लागले. मी होकारार्थी मान हलवली.