न मारलेली टिचकी

ही गोष्ट मी आईला सांगितली नाही, नवऱ्याला सांगितली नाही. देवापुढे हात जोडले तेव्हाही ती बाजूला सारूनच जोडले. मग तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा — आता कुणी मला चांगलं म्हटलं की सोसत नाही, म्हणून असेल.

आणि लोक चांगलं म्हणतात, हीच तर अडचण आहे. आमच्या साखर कारखान्याची वेबसाइट आहे. उसाची नोंद, तोडीची पाळी, सगळं त्यावर. ती बंद पडली की ऑफिसातली नवी पोरं लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलापाशी येतात. पडदा लालेलाल झालेला असतो. मी सांगते, मशीन ज्या ओळीवर बोट ठेवतंय तिकडं बघू नका, तिच्या वर बघा. कुठंतरी कंस उघडलाय आणि मिटायचा राहिलाय. मग मी डोळे मिटून बसते आणि त्यांना तो कोड मोठ्यानं वाचायला लावते. कंस चालू, कंस बंद, अर्धविराम. पोरं हसतात. पण चूक सापडते. “मॅडमच्या कानातून चूक सुटत न्हाई,” असं एकमेकांना सांगत जातात. मी कागद चाळत बसते, तोंड दिसू नये म्हणून.

कानानं चूक धरायला मी एकटीनं शिकले नाही. आम्ही दोघी शिकलो. मी आणि उषा.

मी राणीसावरगावकडची. आमच्या घरी मेंढरं. आबा वर्षातले कित्येक महिने कळपामागं रानोमाळ. आमच्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे सांगताना माझी मान आजही वर होते — ती मी खाली घालणार नाही. उषा चारठाण्याची. घरी विहीर, बैलजोड्या, गडी. परभणीत बी.ए. करताना आम्ही वसतिगृहात एका खोलीत आलो. पहिल्या दिवशी तिनं माझं गाठोडं बघितलं आणि विचारलं, “ह्यात घोंगडी हाय का गं? मला हितल्या चादरीत झोप येत न्हाई.” झालं. ती घोंगडी पुढं दोघींची झाली.

बी.ए. झालं आणि आम्ही कॉम्प्युटरच्या क्लासला नाव घातलं. ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. कधी मोर्चा, कधी बंद, कधी कॉलेजच्या फाटकावर पोलीस. पण आमचा क्लास एका दवाखान्याच्या माडीवर होता, त्यामुळं खाली पेशंट येत राहायचे आणि वर आम्ही. मशीन दोन. त्यातलं एक कायम आजारी. शिकणारे मात्र ढीगभर. वर परभणीची वीज — तिचा भरवसा कुणी धरायचा?

म्हणून सरांनी एक रीत घातली होती. प्रोग्राम आधी कागदावर लिहायचा आणि जोडीदाराला वाचून दाखवायचा. जोडीदारानं डोळे मिटायचे, नुसतं ऐकायचं. शब्द, आकडा, रिकामी जागा, ओळीच्या शेवटचा डॉट, सगळं तोंडानं म्हणायचं. ऐकणाऱ्याला काही खटकलं की त्यानं बाकावर टिचकी मारायची. टिचकी वाजली की वाचणारा थांबणार. त्याशिवाय कुणाला मशीनला हात लावू द्यायचे नाहीत.

कोबोल शिकत होतो आम्ही. त्या भाषेत डॉट राहिला की संपलं. डॉट एका ओळीत राहायचा आणि मशीन खालच्या धडधाकट ओळींना नावं ठेवत सुटायचं. एका डॉटपायी पडदाभर सिंटॅक्स एरर. नवखं माणूस त्या खालच्या ओळी दुरुस्त करत बसतं आणि चांगलं होतं तेही मोडून ठेवतं.

उषा वाचायची कशी, ते तुम्हाला कसं सांगू? तिचा आवाज जरा घोगरा. प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘डॉट’ म्हणताना ती हलकेच दम घ्यायची. दळताना जातं एक फेरा पुरा करतं ना, तसं. ऐकता ऐकता मला गुंगी यायची. ती ओळखायची. मधेच प्रोग्राममध्ये माझ्या नावाची ओळ घुसवायची, “सिंधी झोपायली डॉट,” आणि मी दचकून टिचकी मारायची. सर खालून ओरडायचे, काय चाललंय म्हणून. दुपारी खिडकीतून ऊन यायचं, खालून औषधाचा वास यायचा, आणि आम्ही दोघी एका बाकावर. आयुष्यात मी पुष्कळ मिळवलं. तसली दुपार पुन्हा मिळाली नाही.

मी लांबण लावते आहे. कळतंय मला.

कारखान्यानं कॉम्प्युटर घेतले आणि एक मुलगी पाहिजे म्हणून आमच्या सरांकडं निरोप आला. एकच जागा. सरांनी दोन नावं दिली, तिचं आणि माझं. कामगारांच्या पगाराचा प्रोग्राम घरून लिहून आणायचा आणि कारखान्याच्या साहेबांसमोर मशीनवर चालवून दाखवायचा. सर म्हणाले, वाचनाशिवाय मशीनवर जायचं नाही, क्लासचं नाक कापलं जायला नको. तुम्ही जोडी आहात, एकमेकींचं वाचून घ्या.

एका जागेसाठी उभ्या असलेल्या दोघींनी एकमेकींच्या चुका काढायच्या — हे सरांना विचित्र वाटलं नाही. आम्हालाही वाटलं नाही. आमच्यात तसं काही नव्हतंच.

उषाचं लग्न ठरायला आलं होतं. तिचा दादा तिला म्हणाला होता, नोकरी मिळाली तर पाहुण्यांना एक वर्ष थांबवतो, नाही मिळाली तर मुकाट्यानं मांडवात बसायचं. हे मला माहीत होतं. आदल्याच आठवड्यात, एका घोंगडीत पडल्या पडल्या, तिनं सांगितलं होतं. म्हणाली, “मला नवरा नको असं न्हाई गं सिंधे. पर त्याच्या आधी एक वरीस माझं मला पाहिजे.”

आणि माझं? मला नोकरी मिळाली नसती तर मी गावी गेले असते. आमच्या गावात आबांना पारावर विचारायचे, पोरगी आता मेंढरांसंगं इंग्रजी बोलणार का म्हणून. आबा हसायचे. मला ते हसणं दिसायचं. पण हे मी कारण म्हणून सांगत नाही. तिच्या एका वर्षापुढं माझी ही लाज ठेवून बघा, कितीशी भरते?

परीक्षेच्या सकाळी आम्ही त्याच बाकावर बसलो. आधी मी वाचलं. उषानं दोन ठिकाणी टिचकी मारली. एक चूक तर अशी, की मी मशीनवर जाऊन रडलेच असते. तिनं माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि स्वतः नीट करून दिलं. वर म्हणाली, “तुझं ध्यान कुठंय? आज तरी जागी राहा.”

मग तिनं वाचायला घेतलं. मी डोळे मिटले.

सुरुवातीचा भाग झाला. फाईलचं वर्णन आलं. ओळी येत होत्या, डॉट, दम, डॉट, दम. आणि एका ओळीच्या शेवटी दम आला — डॉट आला नाही.

तुम्ही विचाराल, नक्की? गुंगी आली असेल, ऐकण्यात गफलत झाली असेल? नाही. इतकी वर्षं मीच स्वतःला ते विचारून बघितलं आहे. फार सोयीचं झालं असतं. पण मी टक्क जागी होते. माझं बोट बाकावरून वर उचललं गेलं होतं, हे मला आठवतं.

ते मी परत खाली ठेवलं. आवाज न करता.

ती पुढं वाचत गेली. शेवटचा डॉट म्हणाली आणि विचारलं, “हाय का काई?” मी डोळे उघडले. म्हणाले, “न्हाई. एकदम बरोबर हाय.”

माझा प्रोग्राम पहिल्या झटक्यात चालला. साहेबांनी मान डोलावली. मग उषा बसली. पडदा एररनं भरून गेला. तिनं मशीननं दाखवलेल्या ओळी एकेक करून बघायला घेतल्या — ज्या बरोबर होत्या त्या. पहिली बदलली, एरर वाढले. दुसरी बदलली, आणखी वाढले. तिनं एकदा मागं वळून माझ्याकडं बघितलं. मी दारापाशी उभी होते. चार पावलं टाकून त्या ओळीवर बोट ठेवायचं होतं फक्त. मी चपलेचा पट्टा नीट करायला खाली वाकले.

नोकरी मला मिळाली. त्याच हंगामात तिचं लग्न झालं, तिकडं हिंगोलीकडं. मी गेले होते. अक्षता टाकल्या. जेवले.

नंतर ती एकदाच भेटली. विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला त्या आठवड्यात एसटी सुटेल की नाही याचा नेम नव्हता, म्हणून सगळी माणसं परभणी स्टेशनवर लोटलेली. गर्दीतून कुणीतरी माझा पदर ओढला. उषा. कडेवर लहान पोरगी. शेजारी नवरा, साधा माणूस. ती त्याला म्हणाली, “हीच ती सिंधी. माझ्या चुका काढायची.” तो हसून म्हणाला, “मग चला की ताई आमच्याकडं. आता लय चुका करती ही.” तिघंही हसलो. मीसुद्धा हसले.

तो पाणी आणायला गेला तेव्हा ती जवळ सरकली. पोरीच्या केसांतून बोटं फिरवत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, “सिंधे, एक इचारू? त्या दिवशी काय चुकलं होतं गं माझं? मी अजून कधी कधी मनात वाचून बघते सगळं. सापडत न्हाई. तुला मागनं कळलं का काई?”

गाडी यायची होती. वेळ होता. गर्दी होती, पण आमचं बोलणं कुणी ऐकत नव्हतं. मी म्हणाले, “मशीनच खराब होतं ते.”

तिनं मान हलवली. “न्हाई गं, मशीनवर कशाला ढकलायचं? माझंच डोकं नव्हतं त्यात. न्हाईतर तुला ऐकू आलंच असतं की.”

गाडी आली, ती गेली.

त्यानंतर तिच्या गावावरून माझं जाणं झालं नाही असं नाही. उतरले नाही. घोगऱ्या आवाजाची एखादी बाई बाजारात बोलली तरी मी अजून थांबते. पुढं जाऊन चेहरा बघते, आणि मग चालू लागते. ती कुठं आहे, अजून मनात वाचून बघते का, मला माहीत नाही.

फाईलच्या वर्णनातली शेवटची ओळ, उषे. तिच्या पुढं डॉट नव्हता. बाकी सगळं बरोबर होतं. मला ऐकू आलं होतं.