रिबकाची साक्ष

बातमी दिनूने आणली. मी तांदूळ निवडत बसले होते. माझा हा धाकटा भाऊ काळाचौकीहून चालत आला होता, दारात उभा राहून म्हणाला, "ताई, रिबकाताई गेली." मी नुसतं "बरं" म्हटलं आणि खडे वेचत राहिले. शीवच्या इस्पितळात शेवटचे कितीतरी दिवस तोच तिच्या उशाशी बसत होता, हे मला तेव्हा कळलं. त्या दोन 'ताई' एका वाक्यात आलेल्या मला सोसल्या नाहीत. रिबका माझी जिवाभावाची मैत्रीण होती हे खरं, आणि उभं आयुष्य मी तिच्याशी बोलत नव्हते हेही खरं. मेल्या माणसाबद्दल वाईट लिहू नये म्हणतात. मला जमेल तेवढं पाळीन.

परळच्या आमच्या चाळीत तिचं बिऱ्हाड आणि आमचं बिऱ्हाड भिंतीला भिंत लागून. ती माणसं बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, मूळची अलिबागकडची. बोलणं आमच्यासारखंच, तिच्या आईचं नऊवारी लुगडंही आमच्या आईसारखंच. फरक होता तो शनिवारचा. शनिवार त्यांचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी घरात विस्तव पेटवायचा नाही. मग दिनू लहानपणापासून दर शनिवारी दुपारी जाऊन त्यांचा स्टोव्ह पेटवून द्यायचा, तिथेच लोळत पडायचा आणि नारळाच्या दुधाचा हलवा खाऊन संध्याकाळी घरी यायचा. अख्ख्या चाळीला हे ठाऊक होतं. आई म्हणायची, हा अर्धा तिकडचाच झालाय.

पुढे रिबका आणि मी लालबागच्या एकाच शाळेत शिकवायला लागलो. मी मऊ, ती पट्टीसारखी सरळ. एकदा एका गिरणीकामगाराची पोर गणितात दोन गुणांनी नापास होत होती. मी म्हटलं, घाल ना दोन गुण, गरिबाची आहे बिचारी. रिबका म्हणाली, आमच्या नियमशास्त्रात निवाडा करताना श्रीमंताचं तोंड बघू नये म्हटलंय, तसं गरिबाचंही बघू नये म्हटलंय. मी चिडले. पोरीला तिने नापासच केलं, आणि अख्खी मे महिन्याची सुट्टी रोज घरी बोलावून तिचं गणित पक्कं करून घेतलं. तिचा न्याय असा होता, आणि दुसऱ्याच्या बाबतीत असला की तो मला फार आवडायचा.

मग संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. गिरणगाव पेटून उठला होता. आम्ही बायकासुद्धा मोर्चाला जायचो, रिबकाही यायची, घोषणा देताना तिचा आवाज माझ्यापेक्षा वर असायचा. अशाच एका शनिवारी हरताळ मोडून निघालेली ट्राम पोरांनी अडवली. कोणीतरी सोडावॉटरची बाटली भिरकावली, ती फुटली आणि काच ड्रायव्हरच्या डोळ्यात गेली. ड्रायव्हर आपलाच, मालवणकडचा. त्याचा तो डोळा कायमचा गेला. चार दिवसांनी पोलिसांनी दिनूला उचललं.

बाटली दिनूनेच फेकली होती का, हे घरात कोणी कोणाला विचारलं नाही. वकील म्हणाले, घरच्यांच्या साक्षीला किंमत नाही. बाहेरच्या अब्रूदार माणसाने तो त्या वेळी दुसरीकडे होता असं सांगितलं तर पोरगा सुटेल. सगळ्यांच्या मनात एकदमच आलं, शनिवार! दिनू नेहमीसारखा स्टोव्ह पेटवायला रिबकाकडे गेला होता, एवढंच तर म्हणायचं होतं. आणि रिबका खोटं बोलत नाही हे शाळेपासून चाळीपर्यंत सर्वांना माहीत. तिच्या शब्दावर शंका कोण घेणार? मी तिचे हात धरले. ती म्हणाली, "कोर्टात बोलावलंत तर येईन. विचारतील ते सांगीन." मी घरी येऊन बाबांना सांगितलं, काळजी करू नका, रिबका येतेय.

ती आली, पांढरी साडी नेसून. वकिलांनी विचारलं, त्या शनिवारी दुपारी दिनू आपल्याकडे होता ना? ती म्हणाली, "नाही. त्या दिवशी आमचा स्टोव्ह पेटला नाही. मी आणि आई थंडच जेवलो."

दिनूला शिक्षा झाली. दादरच्या ज्या घरी माझं लग्न ठरलं होतं, त्यांनी तुरुंगातला मेहुणा नको म्हणून निरोप धाडला. पुन्हा कुठे जुळलं नाही. बाबा गॅलरीत बसेनासे झाले. रिबका एकदाच दाराशी आली होती, मी दार लावून घेतलं. त्यानंतर एकाच शाळेत, एकाच गॅलरीत, तिची पावलं ओळखून मी तोंड फिरवत राहिले. तिच्या घरचे सगळे इस्रायलला निघून गेले, ती एकटी मागे राहिली, तरी मी बोलले नाही. भिंतीपलीकडून तिचा खोकला ऐकू यायचा. माझाही तिला येत असणार. दिनू सुटून आला, काळाचौकीला त्याने सायकलींचं दुकान टाकलं, आणि निर्लज्जासारखा दर शनिवारी तिच्याकडे जायला लागला. मी म्हणायचे, तू विसरलास, मी विसरणार नाही. तो खाली मान घालायचा. त्याच्या वाटचा राग मीच एवढी वर्षं जपला.

परवा दिनू आला. तिचं सगळं उरकून महिना होत आला होता. चहा घेता घेता मी काहीतरी लागट बोलले असेन. त्याने कप खाली ठेवला.

"ताई, तिला मीच सांगायला लावलं होतं."

जामिनावर होता तेव्हा तो तिच्याकडे गेला होता म्हणे. बाटली आपणच फेकली, तो ड्रायव्हर झोपू देत नाही, असं रडून सांगितलं. तुमच्या शास्त्रात डोळ्याला डोळा घेतात ना, असं विचारलं. ती म्हणाली, तो सूड नव्हे रे, ते माप आहे. जेवढं केलंस तेवढंच भोग, त्याहून जास्त कोणी तुला भोगायला लावू नये. तू स्वतः उभा राहून कबूल कर. हा म्हणाला, बाबांच्या आणि ताईच्या समोर माझ्या तोंडून निघणार नाही, तू सांग. आणि मी आलो होतो हे ताईला कधी कळू देऊ नकोस.

"ती म्हणाली होती, सुमन माझ्याशी कायमची बोलायची नाही," दिनू म्हणाला. "मी म्हटलं, बोलेल चार दिवसांनी. मग तुझं लग्न मोडलं... मग मला धीरच झाला नाही."

मी त्याला घालवून दिलं. सख्खा भाऊ, पण त्या दिवशी त्याचं तोंड बघवेना. आणि तिचा राग त्याहून जास्त आला. एक वाक्य बोलली असती तर मी तिच्या गळ्यात पडले असते. दिनूला दिलेला शब्द तिने पाळला, आणि मी तिचा दुस्वास करत म्हातारी झाले ते भिंतीपलीकडून ऐकत बसली. जन्मात खोटं न बोलता तिने मला जन्मभर फसवलं.

तिच्या खोलीला आता कुलूप आहे. तिन्हीसांजेला मी माझी खुर्ची भिंतीला लावून बसते आणि तिच्याशी भांडते, मोठ्याने. चाळीतल्या पोरींना वाटतं म्हातारीला चळ लागला. मी तिला विचारते, ड्रायव्हरच्या डोळ्याचं माप तू नीट केलंस, दिनूचंही केलंस... माझं कुठल्या मापात बसवलंस, रिबका? एवढ्या वर्षांत मी तिच्याशी पहिल्यांदाच बोलतेय, आणि आता पलीकडून खोकलासुद्धा येत नाही.