बिनगोंदाची पट्टी

म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात माझं जुन्या मोटरसायकलींच्या वायरिंगचं दुकान आहे. हे काम मला पुट्टतायम्मानं शिकवलं. कारखान्यात तेवीस वर्षं ती मोटरसायकलींचं वायरिंग गुंडाळायची. कारखाना बंद पडला, नवरा गेला, आणि ती मुलाच्या, नंजुंडाच्या, तिसऱ्या मजल्यावरच्या घरी राहायला आली. गेल्या वर्षी एकदा ती एकटीच चालत जुन्या कारखान्याच्या फाटकापर्यंत गेली आणि परतीची वाट चुकली. एका रिक्षावाल्यानं घरी आणून सोडलं. तेव्हापासून नंजुंडा आणि त्याची बायको कामाला निघाले की तो बाहेरचं सरकतं लोखंडी जाळीचं दार ओढतो आणि कुलूप घालतो. अकरा महिने झाले. तो याला काळजी म्हणतो. मी कोंडवाडा म्हणतो, पण त्याच्या तोंडावर म्हटलेलं नाही.

परवा एका गिऱ्हाइकाची एकाहत्तर सालची जावा मोटरसायकल आली. वायरिंगवरचं कापड कुजून हातात येत होतं. नवीन काय गुंडाळावं ते विचारायला पिशवीत नमुने घेऊन मी वर गेलो. मी जिन्यात बसलो, ती आत पाटावर, आणि नमुने जाळीच्या भोकांतून एकेक करून तिला दिले.

काळी चिकटपट्टी तिनं नुसती हुंगली. उन्हाळ्यात हिचा गोंद पाझरतो, मग बोटं धूत बस, म्हणाली. सुती फीत पाणी पिते म्हणून बाद. रेक्झिनच्या पट्ट्या पाहून तिनं मला सोफा करतोयस का विचारलं. गरम केल्यावर आवळून बसणारी नळी मात्र तिनं बराच वेळ हातात धरली.

"देखणी आहे," ती म्हणाली. "पण एकदा आवळली की कापल्याशिवाय सुटत नाही. तसली नको मला."

शेवटी बिनगोंदाची प्लॅस्टिकची पट्टी निघाली. ती तिनं बोटाभोवती गुंडाळली, ताणली, उलगडली, पुन्हा गुंडाळली. हीच घे, म्हणाली. चिकटवायची ती फक्त दोन टोकांना. उद्या आतली वायर तुटली तर उलगडता आली पाहिजे.

मग खाली मान घालून म्हणाली, "मुनव्वरा, हे गाडीवर बसवूनच गुंडाळायचं असतं. मला एकदा दुकानात ने."

मी नंजुंडाला फोन केला. दोन तास, स्वतः आणतो, स्वतः सोडतो, एवढंच मागितलं. तो म्हणाला, "मुनव्वरण्णा, जिन्यात पडली तर तिचं करणार कोण, तुम्ही?" मी फोन ठेवला. तसा फोन ठेवल्याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मग आम्ही ते जाळीतूनच करायला घेतलं. सुट्या वायरी एकेक करून जाळीच्या एकाच भोकातून आत दिल्या. अर्धं वायरिंग तिच्याकडे, अर्धं माझ्याकडे. मी ताणून धरायचं, तिनं गुंडाळायचं. मग तिनं धरायचं, मी गुंडाळायचं. माझ्या प्रत्येक वेढ्याला शिव्या बसत होत्या. बायको कमरेला पदर खोचते तशी ओढ, मेल्या, म्हणाली. इतक्या खुशीत मी तिला वर्षभरात पाहिलं नव्हतं.

काम संपलं आणि मी वायरिंग बाहेर ओढायला गेलो तर येईना. येणार कसं? दोन्ही बाजूंना वायरींच्या फांद्या फुटलेल्या, मधला बुंधा जाळीत. बरं, दार उघडावं तर ते सरकताना त्याची भोकं मिटत जातात, वायरी चेचल्या असत्या. मी कपाळावर हात मारला. हजारो वायरिंग केलेल्या बाईला हे कळलं नसेल? ती मात्र नखं न्याहाळत बसली होती.

तेवढ्यात नंजुंडा आला. त्यानं किल्ली काढली, जाळीकडे पाहिलं आणि मला म्हणाला, "कापून टाका."

"काही कापायचं नाही," अम्मा आतून म्हणाली. "उलगडते. बस तिथं."

तो पायरीवर बसला. ती एकेक वेढा सोडत होती आणि सोडलेली पट्टी नीट गुंडाळून ठेवत होती. नंजुंडानं दोनदा घड्याळ पाहिलं. घाई कर म्हणाला, पाय धुवायचेत म्हणाला, शेवटी पाणी मागितलं. पेला जाळीतून जाईना. मग त्यानं ओंजळ धरली आणि तिनं आतून तांब्यानं पाणी ओतलं. तो स्वतःच्या दारात, हातावरून ओघळणारं पाणी पीत होता. मला हसू आलं.

"अम्मा, किती वेळ?" तो म्हणाला.

"तास झाला नाही अजून," ती म्हणाली. "मी काही बोलते का?"

तो ओले हात विजारीला पुसत राहिला. मला वाटलं, लागलं याला. शेवटची वायर बाहेर आली, त्यानं कुलूप काढलं, आत गेला. दार लावताना मला म्हणाला, रविवारी या, बघू. मी जिना उतरलो तो जवळजवळ गाणं म्हणत. दुकानाचा कोपरा झाडला, तिच्यासाठी पाठ असलेली खुर्ची मागून आणली.

रविवारी वर गेलो. कुलूप होतंच. पण लोखंडी जाळीवर खालपासून वरपर्यंत दुसरी बारीक तारेची जाळी ठोकलेली होती. बोटसुद्धा आत जाणार नाही अशी. आत पाटावर तिची नुसती सावली दिसत होती.

"डासांसाठी बसवली आहे," ती म्हणाली.

मी बरं म्हणालो. म्हैसूरला या दिवसांत डास नसतात.