लिंबू-मिरचीशेजारचा सापळा

लालबागला आमचं मसाल्याचं दुकान आहे. ऐन उन्हाळ्यात, वर्षाच्या मसाल्यासाठी रीघ लागलेली असताना, आमच्या एक जुन्या गिऱ्हाईक बाई बरणी घेऊन परत आल्या. आत तांबूस पोरकिडे फिरत होते. त्या भांडल्या नाहीत, नुसती बरणी ठेवून गेल्या. ते मला जास्त लागलं. बाबांमागे आईने दुकानाचं नाव राखलं, आणि माझ्या हाती आल्यावर ते किड्यांनी खावं? मुळीच खाऊ देणार नव्हते.

खाण्याच्या मालावर विष फवारायचं नाही हे ठरलेलंच. म्हणून चिकट कागदाचा सापळा आणला. त्यात किड्याच्या मादीसारखा वास असलेली गोळी असते. त्या वासावर नर येतो आणि चिकटतो. मी सूचना वाचेपर्यंत आईने सापळा दारात, लिंबू-मिरचीशेजारी टांगलासुद्धा. पीडा उंबरठ्याबाहेरच अडवावी, हे तिचं शास्त्र.

बघता बघता कागद भरला. आई खूश. मग शेजारचा दुकानदार सांगू लागला, हल्ली त्याच्याकडे किडे कमी झालेत. मी कपाळाला हात लावला. लिंबू-मिरची नजर अडवते, हे तर बोलावणं होतं. सगळ्या गल्लीचे नर आम्ही दारात गोळा केले होते आणि अंडी घालणाऱ्या माद्या आत सुखात होत्या.

आता उगम सापडल्याशिवाय थांबायचं नव्हतं. सापळा आत घेतला आणि जागा बदलत राहिले. मिरचीच्या पोत्याजवळ एखाददुसरा किडा, धण्याजवळही तेवढेच. भिंतीवरच्या देव्हाऱ्याखाली मात्र कागद माखला.

देव्हाऱ्यात आईचा डबा होता. दर गणपतीच्या पूजेतली सुपारी-हळकुंडं ती त्यात जपायची, अगदी बाबांनी मांडलेल्या शेवटच्या पूजेपासूनची. मी झाकण काढलं. हळकुंडांना भोकंच भोकं, तळाशी पिवळी पूड, आणि पूड हलत होती.

"देवाच्या वस्तूला कीड लागत नाही," आई म्हणाली.

"लागलीय, आई. त्या बाईंच्या बरणीत इथूनच गेली."

तिने एक हळकुंड उचललं. बाबांच्या हातचं ते. बोटांतच त्याचा चुरा झाला. मला फार वाईट वाटलं, तरी डबा मी परत ठेवू दिला नाही.

तिने हातातली पूड डब्यात झटकली.

"तुझ्या बाबांनी किडका माल एक दिवस दुकानात ठेवला नसता," ती म्हणाली, आणि उठून तिनेच डब्यातल्या किडीवर ओतण्यासाठी पाणी उकळायला ठेवलं.